गाडीचे कागद आणि पेढीचे दफ्तर



या व्यासपीठावर काल ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले, उद्या खगोलशास्त्रावर होणार आहे. त्या दोहोंच्या मध्ये मालट्रकांच्या कागदपत्रांचा विषय घेऊन एक सातवी पास माणूस उभा आहे, याचे तुमच्यापेक्षा मलाच अधिक नवल वाटते. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा त्यांची समजूत होती की मी संपावर किंवा भत्त्यावर बोलेन. मी म्हटले, त्यासाठी आमच्या संघटनेच्या सभा आहेत. येथे व्यापारी येतात, कारखान्यांतले अधिकारी येतात, वकील, शिक्षक आणि घर चालवणाऱ्या भगिनी येतात. यांपैकी ट्रक चालवणारे फारसे कोणी नसेल. पण तुमच्या घरातल्या मिठापासून कपाटापर्यंत बहुतेक वस्तू केव्हा ना केव्हा ट्रकात बसूनच आलेल्या आहेत. तेव्हा ट्रकाशी तुमचा संबंध नाही असे म्हणण्याची सोय नाही.

मी सोळाव्या वर्षी ट्रकावर क्लीनर म्हणून लागलो. आमच्या बोलीत त्याला किन्नर म्हणतात. ज्याच्या हाताखाली लागलो त्या ड्रायव्हरला मी वस्ताद म्हणत असे. वाचणे मी शाळेत शिकलो, पण गाडी ओळखणे वस्तादांनी शिकवले. टॉमी घेऊन चाकांवर एकेक ठोका मारायचा आणि आवाज ऐकायचा. हवा कमी असलेला टायर बद्द वाजतो. घाट उतरला की ड्रमजवळ हाताची पाठ न्यायची. एक ड्रम तापलेला आणि दुसरा थंड असेल तर ब्रेकचा सारा भार एकाच चाकावर पडतो आहे असे समजायचे. वस्तादांना सहीपलीकडे लिहिता येत नसे. म्हणून गाडीत जे बिघडेल ते मालकाच्या वहीत मी लिहायचो. माझ्या आयुष्यातले ते पहिले दफ्तर.

त्या वहीत मी एका पानावर लिहिले होते : "मागचे लायनर गेले. ब्रेक उशिरा लागतो." मालकाच्या मुनिमाने वाचले आणि म्हटले, "ही खेप करून या, मग बघू." पुढच्या खेपेला पुन्हा लिहिले. पुन्हा तेच उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेला मी गावी गेलो होतो. त्या रात्री घाटाच्या पायथ्याशी गाडी आवरली नाही आणि चहाच्या टपरीत घुसली. दोन माणसे गेली. वस्ताद वाचले आणि पकडले गेले.

खटल्यात मालकाच्या बाजूने गाडीचे कागद आले. फिटनेसचा दाखला आणखी पाच महिने वैध होता. म्हणजे सरकारी शिक्क्यानिशी ती गाडी चांगली होती. गाडी चांगली, तर वाईट कोण? वस्ताद. ती वही मागितली तेव्हा मुनिमाने सांगितले की अशी वही आमच्याकडे नसतेच. त्या वयात मला कोर्टात कोणी विचारले नाही आणि विचारले असते तरी माझ्याजवळ पुरावा काय होता? वस्तादांना शिक्षा झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, तिचा अर्थ त्या दिवशी कळला.

आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच : गाडीचे कागद तपासून गाडीची ओळख पटते, पण धोका तयार होतो तो पेढीत. म्हणून गाडीच्या कागदाबरोबर पेढीचे दफ्तर तपासले पाहिजे, आणि ते ज्याच्या जिवाशी संबंध आहे त्याला पाहता आले पाहिजे.

प्रथम कागद म्हणजे काय ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालट्रकाला नोंदणी लागते, परमिट लागते, विमा लागतो, धुराचा दाखला लागतो आणि फिटनेसचा दाखला लागतो. या शेवटच्याला आपण पासिंग म्हणतो. सध्याच्या नियमाप्रमाणे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. हे कागद पूर्वी पाहायचे म्हणजे आर.टी.ओ.च्या कचेरीत चपला झिजवाव्या लागत. आता तसे नाही. केंद्र सरकारच्या 'एम-परिवहन'वर गाडीचा नंबर घातला की पासिंग कधीपर्यंत आहे, विमा कधीपर्यंत आहे, गाडी किती जुनी आहे, हे कोणाही नागरिकाला आपल्या फोनवर दिसते. ही सुधारणा मोठी आहे आणि तिचे श्रेय दिले पाहिजे.

पण या कागदांचा स्वभाव ध्यानात घ्या. पासिंग म्हणजे एका दिवसाची गोष्ट. त्या दिवशी गाडी धुतलेली असते, दिवे लागतात, मागे चकाकणाऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. काही ठिकाणी चांगले टायर पासिंगपुरते भाड्याने आणून लावतात आणि संध्याकाळी परत करतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. गाडी महिन्याला पाच-सात हजार किलोमीटर धावते. घाटात चालणाऱ्या गाडीचे लायनर पुढच्या पासिंगची वाट पाहत थांबत नाहीत. लग्नातल्या फोटोवरून संसार कसा चालला आहे ते सांगता येत नाही, तसेच हे आहे.

आणि ज्या गोष्टींनी माणसे मरतात त्यांतल्या पुष्कळशा गाडीत नसतातच. ड्रायव्हर किती तास जागा आहे, हे आर.सी. बुकात लिहिलेले नसते. खेपेला डिझेल किती बांधून दिले आहे, हे परमिटावर नसते. पुण्याजवळ नवले पुलापाशी २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मालवाहू गाडीने उतारावर सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. ब्रेक निकामी झाला, असे प्रथम सर्वांच्या तोंडी होते. नंतर पोलिसांकडून सांगण्यात आले की ब्रेक निकामी झालेला दिसत नाही, उतारावर इंजिन बंद केलेले होते. त्या ड्रायव्हरच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही. पण उतारावर इंजिन का बंद करतात, ते मी सांगू शकतो. कित्येक पेढ्यांत खेपेचे डिझेल ठरवून दिलेले असते. कमी लागले तर उरलेले ड्रायव्हरचे, जास्त लागले तर पगारातून कापायचे. दहा किलोमीटरचा उतार आला की त्याला तेथे दोन पैसे दिसतात. इंजिन बंद झाले की हवेच्या ब्रेकला हवा पुरवणारा काँप्रेसर बंद पडतो. दोन-चारदा ब्रेक दाबला की टाकीतली हवा उतरते, स्टिअरिंग जड होते, आणि मग देवाचे नाव घेण्याखेरीज हातात काही राहत नाही. हा दोष ड्रायव्हरचा आहे, मी नाही म्हणत नाही. पण डिझेलचा तो हिशेब कोणाच्या वहीत लिहिला गेला?

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. हे सगळे ट्रकांमुळे झाले असे मुळीच नाही. ट्रकात बसलेले आमचे भाऊही त्यांत आहेत. पण इतक्या मृत्यूंनंतर आपण ड्रायव्हरची जात, गाव आणि दारू विचारतो. पेढीचे नाव विचारीत नाही.

आता दोन परमुलखांची उदाहरणे सांगतो. तिकडचे सारे सोन्याचे, असे दाखवण्याचा माझा हेतू नाही. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा अमेरिकेत असतो. तो सुट्टीवर आला असता त्याने मला फोनवर एक गंमत दाखवली. तिकडे परराज्यात माल नेणाऱ्या ट्रकाच्या दारावर गाडीच्या नंबराशिवाय पेढीचा नंबर रंगवलेला असतो. त्याला 'यू.एस. डॉट' नंबर म्हणतात, आणि तो ५० फुटांवरून वाचता आला पाहिजे असा नियम आहे. तो नंबर सरकारच्या संकेतस्थळावर घातला की पेढीचे नाव, पत्ता, गाड्या किती, ड्रायव्हर किती, हे समोर येते. एवढ्यावर भागत नाही. गेल्या २४ महिन्यांत रस्त्यावर तिच्या किती गाड्या तपासल्या, त्यांतल्या किती जागीच थांबवल्या, किती ड्रायव्हरांना पुढे जाण्यास मनाई केली, त्याची टक्केवारी आणि शेजारी साऱ्या देशाची सरासरी, असे दिसते. अपघात किती झाले, तेही दिसते. सविस्तर तपासणी झालेली असेल तर 'समाधानकारक', 'सशर्त' किंवा 'असमाधानकारक' असा शेराही असतो. पाहणाऱ्याला फी नाही, अर्ज नाही, ओळख लागत नाही.

ट्रकांच्या सुरक्षिततेचा आणि ड्रायव्हरच्या तासांचा अधिकार तिकडे सरकारने १९३५ च्या कायद्याने हाती घेतला. आज हे काम पाहणारे स्वतंत्र खाते १ जानेवारी २००० पासून आहे. माल नेणाऱ्या ड्रायव्हरने दहा तास सलग विश्रांती घेतल्यावर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवावी, असा नियम आहे. पूर्वी हे तास ड्रायव्हर कागदी वहीत लिहीत, आणि वही लिहिणाऱ्याच्या हातात असली की काय होते ते आपण जाणतोच. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक गाड्यांवर इंजिनाला जोडलेले यंत्र तास मोजते.

पण तेथेही पळवाटा आहेत. सविस्तर तपासणी थोड्याच पेढ्यांची होत असल्यामुळे बहुतेकांच्या नावापुढे शेराच नसतो. अपघातांच्या यादीत चूक कोणाची होती ते पाहून नोंद होत नाही. सिग्नलला उभ्या असलेल्या ट्रकाला मागून कोणी धडकले तरी तो अपघात पेढीच्या नावावर चढतो. तेव्हा ही यादीसुद्धा डोके ठेवून वाचावी लागते. २०१५ साली तिकडच्या संसदेने कायदा करून माल वाहणाऱ्या पेढ्यांची तुलनात्मक गुणांची यादी लोकांच्या नजरेआड केली. आणि सर्वांत मोठी पळवाट म्हणजे सरडा. सरडा रंग बदलतो तशी बंद केलेली पेढी नवे नाव आणि नवा नंबर घेऊन त्याच गाड्या पुन्हा रस्त्यावर आणते. ऑगस्ट २००८ मध्ये टेक्सासमधील शर्मन गावाजवळ एक बस पुलावरून कोसळून १७ यात्रेकरू मरण पावले. पुढचा टायर हवा कमी असताना चालवल्यामुळे फुटला होता. ज्या माणसाच्या पेढीला जेमतेम दोन महिन्यांपूर्वी सरकारने बंदी केली होती, त्याचाच धंदा दुसऱ्या नावाने चालू होता. ती बस होती, ट्रक नव्हता. पण धडा दोघांना एकच. नुसते नाव तपासू नका. पत्ता, मालक, गाड्या, फोन नंबर जुळवून पाहा.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. तेथे १९६८ च्या कायद्यापासून साडेतीन टनांवरच्या मालगाड्या चालवणाऱ्या पेढीलाच परवाना घ्यावा लागतो. मालकाचा लौकिक चांगला हवा, गाड्या नीट ठेवण्याइतका पैसा हवा, गाड्या उभ्या करायला जागा हवी, आणि दुसऱ्यांचा माल भाड्याने नेणाऱ्या पेढीत या कामातला जाणता व्यवस्थापक हवा. ठरावीक आठवड्यांनी प्रत्येक गाडीची तपासणी करायची आणि तिचे कागद निदान १५ महिने जपायचे. ड्रायव्हरने सकाळी गाडीभोवती फेरी मारून दोष लिहून द्यायचा. म्हणजे माझी ती वही तेथे कायद्याने ठेवावी लागते! ती नसेल, तर ट्रॅफिक कमिशनर पेढीला जाहीर चौकशीला बोलावतो आणि परवाना काढूनही घेतो.

फेब्रुवारी २०१५ मध्ये बाथ शहरातल्या एका उभ्या उतारावर ३२ टनी टिप्परचे ब्रेक लागेनात. एक चार वर्षांची मुलगी आणि तीन पुरुष, अशी चार माणसे गेली. ड्रायव्हर १९ वर्षांचा पोरगा होता. आपल्याकडे काय झाले असते ते मी वस्तादांच्या कथेत सांगितलेच आहे. तेथे पेढीच्या देखभालीची चौकशी झाली. पंचांनी ड्रायव्हरला निर्दोष सोडले, आणि जानेवारी २०१७ मध्ये मालकाला साडेसात वर्षांची व मेकॅनिकला सव्वापाच वर्षांची शिक्षा झाली. गेलेले जीव त्याने परत येत नाहीत. पण न्यायाचे बोट योग्य दिशेला गेले, आणि ते जाऊ शकले याचे कारण पेढीने काय करायला हवे होते ते आधीच ठरलेले होते.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे कायदा नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. मोटार वाहन कायद्यात गाडी 'चालवणारा' एवढेच शब्द नाहीत. 'चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा' असेही आहेत. जास्त वजन भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला आणखी २,००० रुपये दंड आहे, आणि तो भरू देणाऱ्यालाही लागतो. साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा दोष ठेवून गाडी रस्त्यावर आणली, तर तोही गुन्हा आहे. गुन्हा कंपनीचा असेल तर तिचा कारभार पाहणाऱ्यांवर जबाबदारी टाकणारे कलमही आहे. हे सारे मी ढाब्यावरच्या खाटेवर बसून वाचले आणि वकिलांना विचारून पक्के केले. कलमे आहेत, ती चालत नाहीत, कारण पेढीविरुद्ध दाखवायला दफ्तर नाही.

पेढीच्या नोंदणीचाही कायदा आहे. बिल्टी फाडून लोकांचा माल नेणाऱ्याने नोंदणी केलीच पाहिजे, असा २००७ चा कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्याने १८६५ चा इंग्रजी अमलातला कायदा रद्द केला. नोंदणीचा दाखला दहा वर्षे चालतो. गाडीच्या नोंदलेल्या वजनापेक्षा अधिक माल भरू नये, असेही त्यात आहे. पण त्याचा सारा रोख मालावर आहे : माल हरवला, भिजला, तर कोणी किती द्यायचे. माणूस भिजला तर काय, याचा विचार तेथे कमी.

कामगारांसाठी १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. पाच किंवा अधिक कामगार असतील तर पेढीची नोंदणी, दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, असे त्यात होते. तो कायदा २०२० च्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याचे बंधन आहे. ते आम्ही कित्येक वर्षे मागत होतो, त्याचे स्वागत आहे. पण पाचाच्या जागी दहा कामगार झाले. आपल्या देशात ट्रकमालक बहुसंख्येने छोटे आहेत. दोन गाड्या, चार गाड्या. जेथे दफ्तराची सर्वांत अधिक गरज तेथेच जाळ्याचे भोक मोठे झाले.

आणि ड्रायव्हरच्या शिक्षेचे काय? अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असे कलम नव्या न्याय संहितेत आले तेव्हा जानेवारी २०२४ च्या आरंभी ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, पण ते उपकलम तेवढे बाजूला ठेवले गेले. जखमीला टाकून पळावे, असे मी कधीच म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की ज्याच्यासाठी दहा वर्षांचा विचार झाला त्याच्या मालकाच्या वहीसाठी दहा ओळींचाही विचार झालेला नाही.

एका विधवेची हकीकत सांगतो. तिचा नवरा रात्री रस्त्याकडेला गाडीचे चाक बदलीत असताना उडवला गेला. ती आमच्याकडे आली. गाडीच्या कपाळावर एका पेढीचे नाव होते. आर.सी. बुकात दुसरेच नाव. बिल्टीवर तिसरे. ज्याचे नाव कपाळावर, तो म्हणे गाडी आमच्याकडे नुसती अटॅच आहे. ज्याचे आर.सी. बुकात, तो म्हणे मी गाडी केव्हाच विकली. ज्याची बिल्टी, तो म्हणे आम्ही मार्केटमधून दलालामार्फत गाडी घेतली, ड्रायव्हर आमचा नव्हे. मेलेला माणूस कोणाचाच नोकर नव्हता! हा ड्रायव्हर कोणाच्या सांगण्यावरून, कोणाच्या पैशाने गाडी चालवीत होता, एवढे सिद्ध करायला आम्हांला तीन वर्षे लागली. शेवटी कशाने सिद्ध झाले? पंपावरच्या डिझेलच्या चिठ्ठ्यांनी. त्याच्या बायकोने त्या धुण्याच्या कपड्यांतून काढून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. पेढीच्या दफ्तराचे काम एका बाईच्या डब्याने केले.

येथे मला आपल्यापुढे एक कबुलीही दिली पाहिजे. दोष मालकांचाच, असे म्हणून मोकळे होण्याचा हक्क मला नाही. काही वर्षांपूर्वी एका पेढीशी आम्ही करार केला. महिन्यात ठरल्यापेक्षा जास्त खेपा झाल्या तर प्रत्येक खेपेला बक्षीस, असे त्यात होते. कामगार खूश झाले, माझा हार घालून सत्कार झाला. त्या करारावर सही माझी आहे. पुढे पाच महिन्यांनी एक तरुण ड्रायव्हर जादा खेपेवर पहाटे झोपेत दुभाजकावर गेला आणि कायमचा अधू झाला. मी त्याला दवाखान्यात भेटायला गेलो. तो म्हणाला, "दादा, बक्षीस मिळेल ना?" त्या प्रश्नाने माझी झोप उडाली ती अजून पुरती आलेली नाही. आता आम्ही तसला करार करीत नाही. आम्ही बांधलेला पगार मागतो आणि तास मोजा म्हणतो. काही सभासद त्यामुळे आमच्यावर रागावून गेले, तेही खरे.

तेव्हा आपण सर्वांनी काय करायचे? ज्यांचा माल ट्रकाने जातो-येतो त्यांना मी चार साध्या गोष्टी सांगतो. पहिली : माल भरण्यापूर्वी गाडीचा नंबर फोनवर घालून पासिंग, विमा आणि परमिट पाहा. दोन मिनिटांचे काम आहे. दुसरी : पेढीला तिच्या २००७ च्या कायद्याखालच्या नोंदणीचा दाखला मागा आणि बिल्टीवरचे नाव त्याच्याशी जुळते का ते पाहा. कपाळ, बुक आणि बिल्टी अशी तीन नावे निघाली तर विचारा, आज रात्री काही झाले तर उत्तर कोण देणार? तिसरी : वजनकाट्याची चिठ्ठी आर.सी. बुकातल्या वजनाशी ताडून पाहा. २०१८ साली सरकारने वजनाची मर्यादा वाढवली. तीन धुऱ्यांच्या ट्रकाला २५ टनांऐवजी २८.५ टनांची सवलत झाली. तीही ओलांडून जो भरतो तो स्वस्त भाडे देत नाही, तुमच्या गळ्यात जोखीम बांधतो.

चौथी गोष्ट व्यापाऱ्यांना थोडी झोंबेल. आपल्या घड्याळाकडे पाहा. मुंबईहून नागपूर जुन्या रस्त्याने सुमारे आठशे किलोमीटर. भरलेल्या ट्रकाची सरासरी ताशी चाळीस धरली तर नुसते चालवण्याचे वीस तास होतात. आज संध्याकाळी माल भरून "उद्या रात्री पोचलाच पाहिजे, नाहीतर भाडे कापीन" असे आपण एका ड्रायव्हरच्या गाडीला सांगतो, तेव्हा आपण त्याला झोपू नकोस असा लेखी हुकूमच देत असतो. दुसरा ड्रायव्हर द्या, नाहीतर दुसरा दिवस द्या.

आणि सरकारकडे एकच मागणी आहे. ती नव्या कचेरीची नव्हे. माहिती सरकारदरबारी आहेच. पासिंग केव्हा संपले, चालान किती झाले, अपघात कोठे झाला, हे गाडीच्या नंबराखाली लावलेले आहे. तेच पेढीच्या नंबराखाली लावा. प्रत्येक माल वाहणाऱ्या पेढीला एक नंबर द्या, तो गाडीच्या दारावर रंगवा, बिल्टीवर छापा, आणि मागची दोन वर्षे कोणालाही पाहू द्या. हे अशक्य आहे असे मला सांगू नका. १ एप्रिल २०१८ पासून ५०,००० रुपयांवरचा माल परराज्यात नेताना ई-वे बिल लागते. त्यात माल कोणाचा, वाहतूकदार कोण आणि गाडीचा नंबर कोणता, हे सरकार माल हलण्यापूर्वी लिहून घेते. करासाठी जे जमले ते जिवासाठी का जमू नये? मात्र अमेरिकेची चूक आपण करू नये : चूक कोणाची होती तेही नोंदावे, आणि पेढीला आपले म्हणणे मांडण्याची जागा ठेवावी.

छोटे मालक म्हणतील, याने आम्ही मरू. त्यांच्यातले कित्येक कालचे ड्रायव्हर आहेत. घर गहाण टाकून त्यांनी गाडी घेतली आहे, हप्ता चुकला की बँक दारात येते. मी त्यांचा वैरी नाही. आज बाजारात स्वस्त भाड्यावर काम जाते. लायनर वेळेवर बदलणारा आणि न बदलणारा दोघे एकाच तराजूत बसतात आणि न बदलणारा जिंकतो. दफ्तर उघडे झाले तर चांगल्या मालकाला आपला चांगुलपणा दाखवायला प्रथमच पुरावा मिळेल. ड्रायव्हरलाही किल्ली हातात घेण्यापूर्वी कळेल की आपण कोणाच्या दारात उभे आहोत.

वस्ताद शिक्षा भोगून आले आणि पुन्हा त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. एकदा मी त्यांना विचारले, तुम्हांला मालकाचा राग येत नाही का? ते म्हणाले, "राग मालकाचा नाही. तू दोनदा लिहिलेस ना? लिहिलेले होते, तरी कोणी वाचले नाही, त्याचा राग आहे." एवढ्याचसाठी मी आज येथे आलो. लिहिलेले वाचले जावे, आणि वही हरवता येऊ नये. आपण सुशिक्षित मंडळी वाचणारी आहात. पुस्तकांबरोबर ही एक वहीही वाचायला मागा.